भराव : ० ते ५ मीटर

जुन्या नाशकात घर पाडून नवी इमारत बांधायची म्हटली की आधी माती तपासतात. प्लॉटवर दोन-तीन बोअर मारतात, नमुने पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत आणतात, आणि आठ-दहा दिवसांत आरसीसी कन्सल्टंटच्या हातात रिपोर्ट पडतो. त्यात एक तक्ता असतो, बोअर लॉग. गावठाणात त्याची पहिली ओळ जवळजवळ ठरलेली असते : "० ते ५ मीटर – भराव". कुठे तीन मीटर, कुठे सहा. त्याखाली पिवळसर गाळाची माती, मग मुरूम, मग काळा पाषाण.

मी नाशकात अशा माती तपासणीच्या कामात एकवीस वर्षं काढली. हा शब्द किती लॉगशीटवर लिहिला त्याची गणती नाही. आज त्या एका शब्दावर लिहायचंय. कारण सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदाकाठ पुन्हा एकदा खणला जातोय, घाट होतायत, पाइप पडतायत. आणि गावठाणात वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा वेग तुम्ही सगळे बघताच आहात.

इंजिनिअरच्या दृष्टीने भराव म्हणजे भरवशाची नसलेली माती. तिच्यावर पाया ठेवायचा नाही, ती काढायची किंवा तिच्या खाली जायचं. एवढंच त्याला हवं असतं आणि त्यात काही चूक नाही. इमारत पडू नये हे त्याचं काम.

पण गावठाणातला हा भराव कुणी डंपरने आणून टाकलेला नाही. तो जागेवरच तयार झालाय. मातीच्या भिंतीचं घर पडलं, लोकांनी ते सपाट करून त्यावरच दुसरं बांधलं. चुलीची राख अंगणात पडली, शेणाचे सडे पडले, खापरं फुटली, पूर येऊन दोन बोटं गाळ सोडून गेला. त्यावर पुन्हा घर. असं शेकडो वर्षं. म्हणजे आमच्या लॉगशीटवर ज्याला 'भराव' हा एक शब्द, ते पुरातत्त्ववाल्यांच्या भाषेत अख्खं नाशिक आहे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकला गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं. त्याच मोसमात संगमनेरजवळ जोर्वे इथंही खणलं. दोन्हींचा अहवाल १९५५ साली पुस्तकरूपाने निघाला. जोर्वेच्या भांड्यांवरून 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं आणि ते जगभरच्या पुस्तकांत गेलं. नाशकात त्यांना एकावर एक थर मिळाले : तळाशी तांब्या-दगडाच्या काळातली वस्ती, वर मौर्य-सातवाहनांच्या आगेमागचं गाव, रोमशी व्यापार चालायचा तो काळ, आणि सगळ्यात वर मध्ययुगीन आणि मराठा काळ. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांतून राजे-राण्यांची नावं कळतात. ज्यांनी त्यांना कर दिला त्यांची चूल कुठे होती, ते खात काय होते, हे मात्र या मातीतच आहे.

आता प्रयोगशाळेत नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा कळेल.

साडेत्रेसष्ठ किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून नळीवर पडत राहतो. नळी तीस सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागले ते मोजायचं. नळी वर आली की उघडायची, आत मातीची कांडी असते. ती पिशवीत भरायची, खोली लिहायची, प्रयोगशाळेत आणायची. तिथे १०५ ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवायची, पाण्याचं प्रमाण काढायचं. मग चाळण्या. सगळ्यात बारीक चाळणी ७५ मायक्रॉनची. तिच्यातूनही जी खाली गेली ती माती पाण्यात कालवून उंच काचेच्या नळकांड्यात सोडायची आणि हायड्रोमीटर लावून बसायचं. जाड कण भराभर बसतात, बारीक कण रेंगाळतात. दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला जवळजवळ आठ तास लागतात. या कामाला घाई चालत नाही, हे मला या मातीनेच शिकवलं.

या चाचणीआधी माती 'स्वच्छ' करावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून तिच्यातला सेंद्रिय भाग नाहीसा करतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फॉस्फेटयुक्त रसायन घालतात. म्हणजे पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेला जे हवं असतं, नेमकं तेच आमच्याकडे पहिल्या तासात जातं.

कारण तिथे हेच सगळं मोजतात. सेंद्रिय कर्ब किती, चुना किती, सामू किती. स्फुरद किती हे तर फार महत्त्वाचं. माणूस आणि गुरं जिथे राहिली तिथल्या मातीत मलमूत्र, हाडं, राख यांतून स्फुरद साठतं आणि ते सहजासहजी वाहून जात नाही. घराच्या भिंती गेल्या, छप्पर गेलं, तरी गोठा कुठे होता ते स्फुरदावरून कळू शकतं. माती भाजली गेली की तिचा चुंबकीय गुण वाढतो, त्यावरून चूल आणि भट्टी सापडते. गवताच्या आणि धान्याच्या पानांत काचेसारखे सूक्ष्म कण तयार होतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजलं तरी ते उरतात आणि तिथे काय पिकत होतं ते सांगतात. कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बन-१४ वरून काळ काढता येतो. कोळसा नसेल तर वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं तेही मोजता येतं, मात्र तो नमुना बंद नळीत काढावा लागतो आणि अंधारखोलीत लाल दिव्याखालीच उघडावा लागतो. म्हणजे नमुना घेतानाच ठरवावं लागतं की त्याला काय विचारायचंय.

भद्रकालीच्या बाजूला एका प्लॉटवर बोअर चालू होता. साधारण चार मीटरवर नळी उघडली तर आत राखेचा दोन बोटं थर, खाली भाजलेली लाल माती, त्याखाली पुन्हा काळी. रिगवरचा माणूस आमच्यापेक्षा जास्त पाहिलेला. म्हणाला, "साहेब, चूल लागली बघा." ज्यांचं घर होतं त्या आजी खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी विचारलं, "काय निघालं रे बाबा आमच्या घराखाली?" मी दाखवलं. त्यांनी ती राख बोटावर घेतली, चोळून बघितली आणि म्हणाल्या, "गोवरीची आहे." तेवढ्यात त्यांचा मुलगा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, तेवढं राखेचं, खापरांचं रिपोर्टात नका लिहू. पुरातत्त्ववाले आले तर काम थांबेल आमचं. भाड्याच्या घरात दीड वर्ष झालं."

त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याची भीती खरी आहे. शहरात वर्षानुवर्षं हेच चालतं. आमच्या रिपोर्टाच्या नमुन्यात तसंही राखेला रकाना नसतो. लिहिलं गेलं : भराव. नमुने गोदामात काही महिने राहिले. बिलं निघाली, इमारतीचा पाया झाला, आणि सगळ्यांचे टाकले जातात तसे तेही नमुने टाकले गेले. या धंद्याची रीतच ती. नमुना कायम जपायला कुणी पैसे देत नाही.

आता कुणी म्हणेल, असल्या भरावातून खरंच काही निघतं का? लंडनचं उदाहरण घ्या. तिथे रोमन काळाचे थर आणि मध्ययुगाचे थर यांच्यामध्ये काळपट मातीचा एक जाड थर लागतो. बरीच वर्षं समज असा की रोमन गेले, शहर ओस पडलं, रान माजलं आणि ही माती साचली. पुढे त्या मातीचे राळेत बसवून पातळ काप काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात पडलेल्या मातीच्या घरांचे अवशेष, राख, शेण, कचरा, आणि गांडुळांनी ते सगळं कसं घुसळून काढलं त्याच्या खुणा दिसल्या. जिथे 'काहीच नाही' असं वाटत होतं तिथे बऱ्याच ठिकाणी माणसं राहिलेली होती. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकाम परवानगी देतानाच जमिनीखालच्या इतिहासाचा विचार करायची पद्धत आली, आणि पायासाठी मारलेल्या बोअरची माहिती जुन्या थरांचा नकाशा बनवायला वापरतात. तिथेही इमारती उभ्या राहतातच. काम बंद पडत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी गाव आहे. तिथे नदीच्या कडेत ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला आणि त्याच्या संगतीने आदिमानवाची दगडी हत्यारं. राखेचं वय आधी निघालं चौदा लाख वर्षं. पुन्हा मोजलं तेव्हा सुमारे पावणेसात लाख. मग दुसऱ्या संशोधकांनी राखेचं रासायनिक घटकांवरून मूळ शोधलं आणि म्हणाले, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख आहे. त्यावरही वाद झालेच. काही जणांना यात विज्ञानाचा सावळागोंधळ दिसतो. मला उलट दिसतं. थर जागेवर होता, नमुने हातात होते, म्हणून पुन्हा विचारता आलं. बोरीची ती राख कुणी 'भराव' लिहून फेकली असती तर पहिलं उत्तरही मिळालं नसतं आणि दुसरंही.

आणि हा प्रश्न फक्त इतिहासाच्या हौसेचा नाही. पाण्याचा आहे.

लोणार सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा कोअर काढून त्याचा अभ्यास झाला. गेल्या अकरा हजार वर्षांत आपल्याकडचा पाऊस कसा वरखाली झाला ते त्यातून वाचता आलं. साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घकाळ मोठे दुष्काळी टप्पे येऊन गेल्याचं संशोधकांनी २०१४ साली मांडलं. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथली जोर्वे वस्ती उतरणीला का लागली याचं उत्तर देताना डॉ. म. के. ढवळीकरांनी पाऊस कमी होत गेल्याकडे बोट दाखवलं. म्हणजे दुष्काळाने गावं रिकामी होणं आपल्या जिल्ह्यांना नवीन नाही. ते कधी झालं, किती टिकलं, लोकांनी काय पेरायला घेतलं, हे सांगणारी कागदपत्रं म्हणजे गाळ.

पुराचंही तसंच. नाशिककर पूर मोजतो दुतोंड्या मारुतीवर. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. १९६९, २००८, २०१६, २०१९ हे पूर लोकांना पाठ आहेत. २००८ नंतर निळी रेषा, लाल रेषा आखली गेली आणि त्यावरून आजही भांडणं चालू आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण शंभर वर्षांचा पूर ठरवायला आपल्याकडे मोजमापं किती वर्षांची आहेत? नदीने आडोशाला सोडलेल्या बारीक गाळाच्या थरांवरून शेकडो-हजारो वर्षांचे मोठे पूर शोधता येतात. पुणे विद्यापीठाचे प्रा. विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीवर हे काम केलेलं आहे. गोदाकाठी गावठाणातल्या भरावात अशा गाळाच्या पट्ट्या मी डोळ्यांनी पाहिल्यात, राखेच्या दोन थरांच्या मध्ये, बोटभर जाड, बारीक आणि स्वच्छ. ती पट्टी म्हणजे 'इथपर्यंत पाणी आलं होतं' असा दाखला. ज्या रेषेवरून लोकांचं घर कायदेशीर की बेकायदेशीर ठरतं, ती रेषा आखताना हा दाखला कुणी मागत नाही.

धरणाचं बघा. गंगापूर धरणाची मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट. आज हिशोब धरतात ५,६३० चा. बाकी जागा गाळाने घेतली. म्हणजे पाचातला एक हिस्सा पाणी गेलं. धरणांतला गाळ मोजणारी 'मेरी' ही राज्य सरकारची संस्था आपल्याच दिंडोरी रोडवर आहे, १९५९ पासून. तेव्हा गाळाचं ज्ञान नाशकात नाही असं कुणी म्हणू नये. ते आहे. पण गाळ 'किती' आला याचं आहे. 'कुठून' आला आणि 'कसला' आहे, हेही विचारायला हवं.

कारण सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, शेतकरी गाळ शेतात नेतो, त्याला फायदाही होतो. गंगापूर शहराच्या वर आहे, तिथला गाळ डोंगरातून आणि शेतांतून आलेला. पण शहराच्या खाली, निफाड तालुक्यात गोदावरी-कादवाच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालं ते. आपल्या शहराचं सांडपाणी, नासर्डीतून येणारं सगळं, तिकडेच जातं. जड धातू पाण्यात फार वेळ राहत नाहीत, ते बारीक चिकणकणांना चिकटतात आणि तळाशी बसतात. आज पाण्याची बाटली भरून तपासली तर आजचं कळेल. तळाचा मीटरभर कोअर काढला तर गेल्या कित्येक वर्षांचं कळेल, थराथराने. १९६३ च्या आसपास अणुचाचण्यांची धूळ शिगेला पोचली, तिची खूण जगभरच्या गाळात सापडते. २००० साली आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, त्याचीही खूण शोधता येते. या खुणांवरून कोणता थर कोणत्या दशकातला हे बसवता येतं, आणि मग कोणत्या काळात काय सोडलं गेलं यावर कुणाला हात झटकता येत नाहीत.

शेवटचा मुद्दा जुन्या मातीच्या गढीचा. आपण तिला काझीची गढी म्हणतो. सांकलिया-देवांनी खणलेली ती हीच. दर पावसाळ्यात तिचा कडा ढासळतो. दर पावसाळ्यात महापालिकेच्या नोटिसा, दर पावसाळ्यात कुटुंबं सामान बांधतात, पाऊस ओसरला की परत येतात. संरक्षक भिंतीची मागणी जुनी आहे. इतिहासप्रेमी म्हणतात गढी वाचवा, तिथे राहणारे म्हणतात आधी आम्हाला वाचवा. मी माती तपासणारा माणूस म्हणून सांगतो, या दोन मागण्यांना लागणारा नमुना एकच आहे. कडा का सुटतो हे कळायला थर, कणांचा आकार, पाणी कुठून मुरतं, मातीची पकड किती, हे तपासावं लागेल. त्याच बोअरमधून, त्याच पिशवीतून इतिहासाचीही चाचणी होईल. माणसांचं पुनर्वसन पहिलं, यात माझ्या मनात शंका नाही. पण जो कडा ढासळून नदीत जातोय तो मोजून, लिहून तरी जाऊ द्या.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्यातली एकही महाग नाही.

१) गावठाण आणि गोदाकाठच्या प्रत्येक माती तपासणीत, रसायन लागण्याआधी, प्रत्येक खोलीचा अर्धा किलो नमुना वेगळा ठेवायचा. वाळवून, पिशवीत, जागा आणि खोली लिहून. तो एखाद्या कॉलेजने किंवा संग्रहालयाने सांभाळायचा. एक कोरडी खोली आणि रॅक, एवढाच खर्च.

२) बोअर लॉगमध्ये नुसतं 'भराव' चालणार नाही. रंग, राख, कोळसा, खापर, हाड, गाळाची पट्टी, कितव्या मीटरवर, हे लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

३) या नोंदीमुळे कुणाचंही घराचं काम थांबणार नाही, हे महापालिकेने आणि पुरातत्त्व खात्याने लेखी सांगायचं. हे झालं नाही तर बाकी सगळं कागदावर राहील. त्या आजींच्या मुलाला भीती वाटेल तोवर राख लपवलीच जाणार.

४) सिंहस्थासाठी घाटांवर काँक्रीट पडण्याआधी त्या जागांवर थोडे कोअर काढून ठेवायचे. आणि नांदूरमध्यमेश्वरचा गाळ कुणी शेतात नेण्याआधी त्याची जड धातूंची तपासणी जाहीर करायची.

घाट नको, इमारती नकोत असं मी म्हणत नाही. मीही याच शहरात फ्लॅटमध्ये राहतो, माझ्या पायाखालीही कुणीतरी 'भराव' लिहिलेलाच असणार. पण काँक्रीट एकदा पडलं की पन्नास वर्षं खाली बघता येत नाही, आणि जेसीबीने उचललेली माती पुन्हा थर लावून ठेवता येत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी बिल्डर असेल, आरसीसी कन्सल्टंट असेल, नगरसेवक असेल, कॉलेजात इतिहास-भूगोल शिकवणारे सर किंवा मॅडम असतील, तर त्यांना ही पोस्ट वाचायला द्या. ज्यांच्या वाड्याचं काम येत्या काळात निघणार आहे, त्यांनी बोअर चालू असताना तासभर तिथे थांबा, नळी उघडताना बघा, फोटो काढून ठेवा. आणि एखाद्या कॉलेजला त्या रॅकसाठी खोली देता येत असेल तर कमेंटमध्ये सांगा. पिशव्या भरायला, लेबलं लिहायला मी येतो.